बोटभर उंचीची माणसं

आई ब्याऐंशी वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. साल २०१२, श्रावणातली संध्याकाळ. मी बँकेतून घरी आलो, चपला काढल्या आणि मागच्या पडवीत पाय टाकणार, तोच आरामखुर्चीतून आई म्हणाली, "अरे, जरा जपून. तिथं बसलीत ती."

"कोण बसलंय?"

"ती बघ की तुळशीपाशी. केवढीशी आहेत!"

मी पाहिलं. तुळशीपाशी पणती होती, निर्माल्याची परडी होती आणि कुणीही नव्हतं. आईला मात्र तिथं सात-आठ माणसं दिसत होती. बोटभर उंचीची. पुरुषांच्या डोक्यावर लाल पागोटी, बायका नऊवारीतल्या, काठ मोठे. बोलत काहीच नव्हती, नुसती ये-जा करत होती. तिला भीती वाटत नव्हती. उलट पाहुण्यांकडे पाहावं तशा कौतुकानं ती त्यांच्याकडे पाहत होती.

आईची नजर तोवर पुष्कळच अधू झाली होती. काचबिंदू जुना, त्यात पडदाही झिजलेला. पण डोकं शाबूत होतं. दूधवाल्याचा हिशोब ती तोंडी करायची आणि तो बरोबर असायचा. म्हणूनच आम्ही जास्त हादरलो. एका नातलगानं बाहेरची बाधा म्हणून सांगितलं. एका डॉक्टरांनी मेंदूचा विकार म्हणून गोळ्या लिहून दिल्या, त्यांनी ती पंधरा दिवस नुसती गुंगीत पडून राहिली. आणि मी? एकदा घरी चारजण आलेले असताना तिनं पुन्हा तो विषय काढला, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आई, पुरे आता हे." त्यानंतर तिनं माझ्याजवळ त्या माणसांचा शब्दही काढला नाही. पुढं दोन वर्षांनी ती गेली.

हे सगळं आज उगाळायचं कारण म्हणजे अळंबी. होय, पावसाळ्यात उगवणारी, आपण जिला कुत्र्याची छत्री म्हणून पायानं उडवतो, तिचीच भावंडं. निवृत्तीनंतर माणूस काय वाचील याचा नेम नसतो. चीनच्या युन्नान प्रांतातल्या एका अळंबीविषयी वाचत होतो, आणि वाचता वाचता हातातला चहा गार झाला. कारण ती अळंबी कच्ची राहिली तर खाणाऱ्याला जे दिसतं, ते आमच्या आईनं तुळशीपाशी पाहिलेलंच होतं.

युन्नान हा चीनचा नैर्ऋत्येकडचा डोंगराळ मुलूख, ब्रह्मदेशाला लागून. कुनमिंग ही त्याची राजधानी. आपल्याकडे जसा आंब्याचा मोसम, तसा तिथं अळंब्यांचा. जून ते ऑगस्टमध्ये बाजार रानअळंब्यांनी नुसते ओसंडतात. त्यातल्या एका जातीच्या गटाला तिथले लोक 'जियान शौ छिंग' म्हणतात. अर्थ साधारण असा की हात लागला की निळं पडणारं. छत्रीखाली नेहमीसारखी पाती नसतात, चाळणीसारखी बारीक भोकं असतात. कापलं, दाबलं की गर बघता बघता निळा होतो. आपल्याला हा रंग पाहून घास उतरायचा नाही. पण युन्नानी माणूस लसूण आणि सुक्या मिरच्या घालून ते परततो आणि बोटं चाटतो. चव फार उत्तम असते म्हणतात.

अट एकच. नीट शिजलं पाहिजे. तिथल्या काही खाणावळींत टेबलावर रश्शाचं भांडं उकळत ठेवतात, त्यात अळंबी सोडतात आणि वाढपी पंधरा मिनिटांचं घड्याळ लावून जातो. ते वाजेपर्यंत खायचं नाही, नाहीतर छोटी माणसं दिसतील, असं तो बजावून सांगतो. आपल्याकडे 'गरम आहे हं, भाजेल' म्हणावं, इतक्या सहजपणे. या छोट्या माणसांना तिकडे 'श्याव रेन रेन' असं नावही आहे.

आणि ती खरोखर दिसतात. थट्टा नाही. दरवर्षी मोसमात तिथल्या रुग्णालयांत असे रोगी येतात आणि बहुतेक सगळे एकच वर्णन करतात: भिंतीवर, पांघरुणावर, ताटाभोवती, दाराच्या फटीतून शिरणारी रंगीत कपड्यांतली इवली माणसं. १९९१ साली चीनच्या विज्ञान अकादमीतल्या दोघा अभ्यासकांनी यावर निबंध लिहिला. २००८ मध्ये डेव्हिड अरोरा या अमेरिकन कवकतज्ज्ञानंही या छोट्या माणसांवर स्वतंत्र लेख लिहिला. तिकडे सांगितली जाणारी एक हकीकत तर अशी, की एका प्राध्यापकानं टेबलावरचं कापड उचललं, तर खाली शेकडो छोटी माणसं शिपायांसारखी कवायत करीत चाललेली. कापड आणखी वर उचललं तेव्हा त्यांची डोकी कापडाला चिकटून वर आली आणि खाली धडं तशीच पावलं टाकत राहिली! ऐकून आधी हसू येतं आणि मग अंगावर काटा येतो.

हा परिणाम लगेच होत नाही. खाल्ल्यावर बारा ते चोवीस तास जातात, आणि मग एक ते तीन दिवस हा खेळ चालतो. कधी रोग्याला आठवडाभरही रुग्णालयात ठेवावं लागतं. तेव्हा कुणी गंमत म्हणून याच्या वाटेला जाऊ नये. या अळंबीला शास्त्रीय नाव मिळालं ते अगदी अलीकडे, २०१५ च्या सुमारास. लानमाओआ एशियाटिका. लान माओ हा युन्नानमधला पंधराव्या शतकातला वैद्य. त्यानं त्या मुलखातल्या औषधींवर ग्रंथ लिहिला, त्याच्या स्मरणार्थ हे कुळाचं नाव. अलीकडे अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातले कॉलिन डॉम्नाउअर आणि ब्रिन डेंटिंजर हे या अळंबीच्या मागे लागले आहेत. फिलिपाइन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरांतही छोटी माणसं दाखवणारी अळंबी खातात असं कळलं, तेव्हा डॉम्नाउअर तिथं गेले, नमुने आणले, त्यांचा डीएनए तपासला. तीही हीच जात निघाली. म्हणजे दोन देश, दोन भाषा, एकमेकांशी संबंध नाही, आणि माणसं मात्र तीच. उंदरांना तिचा अर्क दिल्यावर ते आधी सैरावैरा धावले आणि मग कितीतरी वेळ मख्ख बसून राहिले. त्यांना छोटे उंदीर दिसले का, हे विचारायची सोय नव्हती. यात असलेलं द्रव्य कोणतं, हे मात्र शास्त्रज्ञांच्या हाती अजून लागलेलं नाही. जगभर प्रसिद्ध असलेलं सिलोसायबिन हे नव्हे, एवढं नक्की.

एक गंमत सांगायलाच हवी. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन बीजिंगला गेल्या असताना एका युन्नानी खाणावळीत जेवल्या आणि त्यांनी हीच निळी पडणारी अळंबी खाल्ली. चिनी लोकांत केवढी चर्चा झाली! बाईंना डॉलर छोटे तर दिसले नाहीत ना? त्यांनी नंतर सांगितलं, की पदार्थ चविष्ट होता आणि आम्हा कुणालाही काही झालं नाही. चांगला शिजलेला होता, एवढाच त्याचा अर्थ. खाणावळवाल्यानं मात्र ताबडतोब 'धनदेवते'च्या नावानं त्या जेवणाचं वेगळं ताट सुरू केलं. व्यवहार कुणाला चुकलाय!

अर्थखात्यावरून आठवलं. अळंब्यांच्या या साऱ्या कथेत मला सर्वांत जवळचा वाटतो तो माणूस बँकवालाच होता. गॉर्डन वॉसन. न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष. आमच्या जातीचा, फक्त पगारात फरक. १९२७ च्या ऑगस्टमध्ये हा नव्या बायकोला घेऊन न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात मधुचंद्राला गेला. बायको व्हॅलेंटिना, रशियन, बालरोगतज्ज्ञ. चालता चालता तिनं रानात अळंब्या पाहिल्या आणि नवऱ्याचा हात सोडून धावत सुटली. गुडघे टेकून, ओटा भरून तिनं त्या गोळा केल्या. हा लांबूनच ओरडतोय, अगं टाक ते विष! संध्याकाळी तिनं त्यांची आमटी केली, मांसाबरोबर खाल्ल्या. यानं शिवलंसुद्धा नाही. सकाळी उठल्यावर आपण विधुर झालेले असू, या भीतीत त्यानं रात्र काढली. ती ठणठणीत उठली.

एवढ्याशा भांडणातून दोघांनी पुढची तीस वर्षं काढली. एक समाज अळंबीवर जीव टाकतो आणि दुसरा तिला भितो, असं का? बँक सांभाळून, सुट्ट्या जमवून दोघं जगभर हिंडली. १९५५ च्या जूनअखेर वॉसन मेक्सिकोतल्या वाउत्ला या डोंगरी गावात पोचला. तिथं मारिया साबिना नावाची मासातेक जमातीची बाई रात्री अळंबी खाऊन, गाणी म्हणून आजाऱ्यांसाठी कौल लावीत असे. तिनं या परक्याला विधीत बसू दिलं. अळंबी खाऊन त्यानं भिंती विरघळताना पाहिल्या, रत्नं जडवलेले महाल पाहिले, कुठल्याशा पुराणातला प्राणी राजरथ ओढताना पाहिला. १९५७ च्या मे महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकात त्याचा सचित्र लेख आला. पुढच्याच वर्षी आल्बर्ट हॉफमन यांनी त्या अळंबीतलं द्रव्य वेगळं काढलं. तेच ते सिलोसायबिन.

लेखात वॉसननं बाईचं नाव बदललं होतं, पण गाव शोधायला जगाला वेळ लागला नाही. हिप्पींच्या झुंडी वाउत्लात शिरल्या. गावकऱ्यांचा रोष तिच्यावर आला, तिचं घर जाळलं गेलं. ती १९८५ मध्ये वारली, गरिबीतच. अळंब्यांना ती 'पवित्र बाळं' म्हणायची. परके आल्यापासून बाळांची शक्ती गेली, असं ती म्हणे. वॉसनला याची बोच अखेरपर्यंत होती.

हाच वॉसन पुढं आपल्या वेदांतही शिरला. १९६८ मध्ये त्यानं मोठा ग्रंथ लिहून ऋग्वेदातला सोम म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची लाल अळंबी, असं मांडलं. सोमाला मुळं, पानं, फुलं असल्याचं वर्णन सूक्तांत नाही, हा त्याचा एक मुद्दा. संस्कृतच्या बाजूनं त्याला वेंडी डॉनिगर यांची मदत होती. पंडितांना ते फारसं पटलं नाही. इफेड्रा या झुडपाकडे अनेकांचा कल आहे, आणि पारशी बांधव हओमाच्या विधीत आजही त्याच्याच काड्या वापरतात. मला विचाराल तर वॉसनचा सोम म्हणजे सुरेख कादंबरी आहे; ताळेबंद जुळत नाही.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. १९६३ मध्ये, बँकेतून निवृत्त झाल्यावर, वॉसन फ्रेंच कवकतज्ज्ञ रॉजे हाइम यांच्यासह न्यू गिनीच्या डोंगरात गेला. तिथं वाघी खोऱ्यातले कुमा लोक 'नोंडा' नावाच्या अळंब्या खात आणि कधी कधी गावच्या गाव वेडं होई. पुरुष भाले घेऊन लोकांमागे धावत, बायका खिदळत, नाचत सुटत. दोन दिवसांत सगळं शांत. मेरी रे या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हे आधी पाहून लिहिलं होतं. वॉसन आणि हाइम यांनी अळंब्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी बोलेट कुळातल्या, म्हणजे युन्नानच्या त्या निळ्या अळंबीच्याच नात्यातल्या. एकीचं नाव तर हाइमनी 'मॅनिकस' म्हणजे वेड लावणारी असं ठेवलं. आणि निष्कर्ष काय काढला? अळंबीत तसं काही नाही. ही माणसं एरवीही त्या खातात, मग एखाद्याच वेळी वेड का लागावं? हा सामाजिक प्रकार आहे, मनाचा निचरा आहे.

मुद्दा बिनतोड दिसतो. पण त्यांना शिजवण्याची गोम ठाऊक नव्हती. एका द्रव्याचा माग लागत नाही म्हणजे ते नाहीच, असं धरून ते मोकळे झाले. मेक्सिकोत एका बाईच्या शब्दावर विश्वास ठेवून जग हलवणारा माणूस न्यू गिनीत मात्र पावती मागत बसला. मी त्याला दोष देत नाही. पस्तीस-सदतीस वर्षं मीही पावतीशिवाय खातं उघडलेलं नाही.

नोकरीच्या सुरुवातीला, १९८७ मध्ये माझी बदली सावंतवाडी तालुक्यातल्या एका छोट्या शाखेत झाली होती. घाटावरचा माणूस मी, अळंबी म्हणजे विष एवढंच ठाऊक. श्रावणात शाखेचा शिपाई एकदा पानात गुंडाळून अळंब्या घेऊन आला. वारुळावरच्या होत्या. गोव्यात त्यांनाच अळमी म्हणतात आणि त्यांना सोन्याचा भाव येतो. घरमालकीण काकींनी त्यांचं खोबरं घालून तोंडीलावणं केलं. मी तीनदा विचारलं, काही होणार नाही ना? त्या म्हणाल्या, "वळखीची आसत. जी वळखीची नाय, ती खावची नाय." तशी चव मी पुन्हा चाखली नाही.

पुढं कळलं की त्या वारुळाच्या पोटात वाळवी खरोखर शेती करते. पालापाचोळा चावून, त्याचे मळे रचून त्यावर बुरशी वाढवते, ती खाते. आणि पावसात त्याच मळ्यातून अळंबी जमीन फोडून वर येते. त्या मुलखात वारुळाला सातेरी देवी मानतात. पायाखाली इवल्या शेतकऱ्यांचं गाव आहे, हे ज्यानं प्रथम ओळखलं असेल त्याला हात जोडावेसे वाटणारच.

काकींचं वाक्य मात्र घरोघरी लिहून ठेवावं असं आहे. रुपयाचं चांदीचं नाणं घातलं की काळं पडतं, लसूण काळी पडते, किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसाला चालते, या सगळ्या थापा आहेत. युन्नानचं निळं अळंबं शिजवल्यानं निवतं, म्हणून सगळीच निवतात असंही नाही. 'डेथ कॅप' नावाच्या फिकट, सोज्वळ दिसणाऱ्या अळंबीचं विष उकळून, तळून, वाळवून कशानंही जात नाही. पहिले सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग दिवसभर बरं वाटतं, घरचे निश्वास टाकतात, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत जातं. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानअळंबी खाऊन तेरा माणसं दगावली. बहुतेक चहामळ्यातली. तेव्हा पावसाळी सहलीत कुणी 'ही खायची असते' म्हणालं, तर आधी विचारा, तू स्वतः किती वर्षं खातोयस?

आता आईकडे येतो. तिनं तर जन्मात अळंबी खाल्ली नव्हती. मग?

छोटी माणसं दिसण्याला वैद्यकात नाव आहे. राउल लरॉय या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञानं १९०९ मध्ये ते दिलं: लिलिपुटी भास. स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरवरून. यात खोली, दार, टेबल सगळं मूळ आकाराचंच दिसतं, माणसं तेवढी छोटी. मद्यानं, तापानं, काही आजारांनी हे घडतं. आणि डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना घडतं. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांची हकीकत लिहून ठेवली. आजोबा नव्वदीला टेकलेले, मोतीबिंदूनं दृष्टी मंदावलेली, बुद्धी तल्लख. त्यांना माणसं, पाखरं, गाड्या, इमारती दिसत. ते शांतपणे पाहत आणि हे खरं नाही हेही जाणत. या प्रकाराला आज बॉने यांचंच नाव आहे. डोळ्यांकडून येणारा माल कमी झाला की मेंदूतला पाहण्याचा कारखाना स्वतःच्या गोदामातून चित्रं काढू लागतो, असं मला एका नेत्रतज्ज्ञ मित्रानं समजावलं. चित्रं मुकी असतात. कपडे बहुधा रंगीत, जुन्या धाटणीचे. माणसं पुष्कळदा छोटी. "हे वेड नव्हे," तो म्हणाला, "आणि हे वेड नव्हे एवढं सांगितलं तरी अर्धं काम होतं. पण म्हातारी माणसं सांगतच नाहीत. लोक वेड्यात काढतील म्हणून."

अळंबीचं विष आणि झिजलेला पडदा, वाटा दोन. आणि दोन्हीकडून येणारी माणसं एकाच उंचीची. ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आधीपासूनच का बसलेली असावीत, याचं उत्तर शोधायला लोक आता कुठं निघालेत.

हे सगळं कळल्यावर मी एका रात्री बायकोला सांगत बसलो. युन्नान, वॉसन, बॉने यांचे आजोबा, सगळं. तिनं निवांत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, पण त्यांना शेवटपर्यंत दिसायची."

"कुणाला?"

"सासूबाईंना. रोज दुपारी सांगायच्या मला. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या."

शेवटी शेवटी पागोटेवाले यायचे बंद झाले होते, म्हणे. एक हिरव्या परकरातली मुलगी तेवढी यायची, बोटाएवढी. पलंगाच्या कडेला, पायगतीशी बसायची. म्हणून रात्री पांघरूण घालताना त्या कोपऱ्याची चादर खोचू नकोस, असं आईनं तिला सांगितलं होतं. ती खोचत नसे.